कथेतल्या पात्राला माटिल्डा नाव द्यायचंय? मग आधी हे वाचून घ्या

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. दोन-तीन वर्षांपूर्वी मी एक लांबलचक कथा लिहायला घेतली होती, बाराव्या शतकातलं इंग्लंड, नॉर्मन (म्हणजे उत्तर फ्रान्सकडून येऊन राज्य करणाऱ्या) सरदाराचं घर, आणि नायिका माटिल्डा. नाव का घेतलं तर नावांच्या अर्थाच्या एका साइटवर लिहिलं होतं 'युद्धातली शक्ती', आणि माझी नायिका किल्ला लढवणार होती, म्हणजे काय मस्तच. मग मी एक सीन टाकला, बाप मरताना तिचा हात धरून म्हणतो, पोरी, तुझ्या नावाचा अर्थच युद्धातली शक्ती आहे, हे विसरू नकोस. लिहून झाल्यावर मला स्वतःलाच गहिवरून आलं होतं. इतिहास शिकवणाऱ्या एका मित्राला वाचायला दिलं तर तो म्हणाला, अरे बाबा, हा बाप फ्रेंच बोलतो, त्याला त्या नावात ना शक्ती ऐकू येते ना युद्ध, त्याच्यासाठी ते फक्त आईचं, आत्याचं आणि राणीचं नाव आहे.

सीन गेला कचऱ्यात. पण त्या निमित्ताने या एका नावाच्या मागे लागलो आणि लक्षात आलं की कथेत जुनं जर्मानिक (जर्मन-इंग्लिश-स्वीडिश या भाषाकुळातलं) नाव वापरताना आपण अर्थाला फार धरून बसतो, आणि खरी मजा असते ती नावाच्या रूपांत. कोण तिला काय म्हणतं, कुठल्या भाषेत म्हणतं, कागदावर काय आणि तोंडात काय. तर मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने सांगतो. उदाहरण माटिल्डाचंच घेतो, पण ब्रुनहिल्ड, गेरट्रूड, आडेलहाइड कुणाचंही घेतलंत तरी रीत हीच.

पायरी १ : नाव फोडा, पण फार जोरात नको

जुन्या हाय जर्मन भाषेत हे नाव 'माहटहिल्ट' असं काहीसं होतं. 'माहट' म्हणजे ताकद, सामर्थ्य, इंग्रजीतला 'माइट' हा त्याचाच भाऊ. 'हिल्ट' किंवा 'हिल्ड' म्हणजे लढाई. दोन तुकडे जोडून नाव करायची ही सवय आपल्याला नवीन नाही, देवदत्त, जयसेन, वसुमित्र ही आपलीही तीच तऱ्हा. जर्मानिक लोकांकडे अशा तुकड्यांचा एक साठाच असायचा आणि दुसरा तुकडा सांगायचा की नाव मुलीचं की मुलाचं. हिल्ड, गुंड, ट्रूड, बुर्ग, लिंड हे शेवटी आले की मुलगी. बेर्ट, रिक, वुल्फ, हार्ड, मुंड आले की मुलगा. ('गुंड' म्हणजेसुद्धा लढाईच बरं का, आपला गुंड नाही.)

आता इथे एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. दोन तुकड्यांचा मिळून अर्थ लागलाच पाहिजे असा नियम नव्हता. सहाव्या शतकात फ्रँक लोकांची एक राणी होऊन गेली, फ्रेडेगुंड, तिच्या नावाचे तुकडे आहेत शांतता आणि युद्ध! करा अर्थ काय करायचा तो. अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या वूस्टरचा बिशप होता वुल्फस्टन, त्याच्या वडिलांचं नाव अ‍ॅथेलस्टन आणि आईचं वुल्फगिफू, म्हणजे आईकडून अर्धं आणि बापाकडून अर्धं घेऊन पोराचं नाव तयार. त्यात 'लांडगा-दगड' असा गूढ अर्थ कुणी शोधला नसणार, दोन्ही घरं नावात आली की काम झालं. त्यामुळे 'युद्धातली शक्ती' किंवा 'लढाईत बलवान' हे जे साइटवाले छापतात ते आपण नंतर बसवलेलं वाक्य आहे, तुकडे खरे, जोड आपली.

आणि मराठी माणसासाठी खास धोक्याची सूचना. 'माहट' ऐकलं की आपल्याला लगेच 'महत्' आठवतं आणि लेखक पात्राच्या तोंडी घालतो की बघा, संस्कृत आणि जर्मन बहिणी आहेत. भाषा बहिणी आहेतच, पण हे दोन शब्द एका मुळाचे नाहीत. 'महत्'चं नातं ग्रीक 'मेगा'शी लागतं, 'माहट' हा 'करू शकणे' या अर्थाच्या वेगळ्या धातूपासून आलाय. तुमच्या कथेत प्रोफेसर असेल आणि तो हे बोलला तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

पायरी २ : गाव आणि काळ ठरवा, मग रूप निवडा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे वेळ घालवा. माटिल्डा हे एक नाव नाहीच, ते एक अख्खं खानदान आहे.

तुमची कथा दहाव्या शतकातल्या जर्मनीत असेल तर उत्तम, कारण नाव तिथलंच. राजा पहिला हाइनरिश याची बायको आणि सम्राट पहिल्या ऑटोची आई संत माटिल्डा, ती ९६८ साली क्वेडलिनबुर्गला वारली, १४ मार्च हा तिचा दिवस अजूनही पाळतात. तिचीच नात, तीही माटिल्डाच, त्याच क्वेडलिनबुर्गच्या मठाची मठाधिपती झाली. तेराव्या शतकात गेलात तर जर्मन तोंडात नाव पार बदललेलं दिसेल, मेख्टिल्ड. माग्डेबुर्गची मेख्टिल्ड ही त्या काळातली साक्षात्कारी बाई, तिने आपले अनुभव लॅटिन सोडून तिथल्या लोकांच्या भाषेत लिहिले. आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली गेली ते शतकही तेच, हा योगायोग मला फार आवडतो, पण कथेत घुसवू नका. तर मठातली गूढ, तापट, देवाशी भांडणारी बाई हवी असेल तर मेख्टिल्ड घ्या, माटिल्डा नको.

इटलीत ती मातिल्दे. तोस्कानाची काउंटेस मातिल्दे, १०४६ ते १११५, तिच्याच कानोस्सा किल्ल्याच्या दारात जानेवारी १०७७ मध्ये जर्मन राजा चौथा हाइनरिश तीन दिवस थंडीत पोपची माफी मागत उभा होता. पोप आत, राजा बाहेर आणि किल्ला बाईचा! असा सीन आयता मिळतो आणि लोक तरी काल्पनिक राण्या का शोधतात कळत नाही.

फ्रान्समध्ये जुन्या काळी नाव घासून घासून 'माओ' झालं, लिहितात 'माहोत' सारखं, चौदाव्या शतकात आर्त्वाची एक दणकट काउंटेस या नावाची होती. नंतरच्या फ्रान्समध्ये पुन्हा लॅटिन वळणाचं 'मातील्द' आलं. म्हणजे १३१०ची फ्रेंच बाई आणि १८८०ची फ्रेंच बाई यांचं नाव मुळात एक असलं तरी तोंडात वेगळं.

पोर्तुगालमध्ये दोन फाटे, मातिल्द आणि माफाल्दा. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एन्रिकेश याची राणी सावॉयची माफाल्दा, जुन्या कागदांत तिलाच मातिल्दही म्हटलंय. आणि हो, १९६४ साली किनो या चित्रकाराने सुरू केलेल्या व्यंगचित्रमालिकेतली अर्जेंटिनाची ती सूप न आवडणारी, जगाची काळजी करणारी चिमुरडी माफाल्दा, ती पण याच घराण्यातली. गोव्याकडची ख्रिस्ती आजी लिहिणार असाल तर तुम्हाला हे पोर्तुगीज रूपच लागेल. म्हापशातल्या जुन्या घरातली, पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्मा झालेली बाई 'मातिल्द' असेल, 'मटिल्डा' म्हटलंत की ती एकदम इंग्रजी शाळेत शिकलेली वाटायला लागते.

पोलंड, चेक बाजूला मातिल्दा, स्वीडनकडे माटिल्डा आणि तिचंच तुटलेलं टिल्डा. यावर जास्त बोलत नाही, नकाशा बघून रूप घ्या एवढंच.

पायरी ३ : कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव वेगळं ठेवा

इंग्लंडमध्ये हे नाव नॉर्मन लोकांबरोबर आलं. विल्यमने १०६६ला इंग्लंड जिंकलं, त्याची बायको फ्लँडर्सची माटिल्डा, १०६८ मध्ये तिचा राज्याभिषेक झाला. कारकून लोक लॅटिनमध्ये 'मातिल्दिस' किंवा 'मातिल्दा' लिहायचे, पण पुढे लोकांच्या तोंडात नाव होतं 'मौड', ते त्या फ्रेंच घासलेल्या रूपातून आलेलं. तेव्हा तुमच्या मध्ययुगीन इंग्लिश कथेत सनदेवर माटिल्डा आणि स्वयंपाकघरात मौड, असं केलंत की एका फटक्यात दोन जगं उभी राहतात. नवऱ्याने भांडणात एकदम 'माटिल्डा' म्हटलं तर वाचकाला कळतं की आता प्रकरण गंभीर आहे, आपल्याकडे आई 'पिंकी' सोडून शाळेतलं पूर्ण नाव घेते तसं.

आणि सगळ्यात भारी गोष्ट. ११०० साली राजा पहिल्या हेन्रीने स्कॉटलंडच्या राजकन्येशी लग्न केलं, तिचं बाप्तिस्म्याचं नाव होतं एडिथ, अस्सल अँग्लो-सॅक्सन नाव. राणी झाली ती माटिल्डा म्हणून. नॉर्मन दरबाऱ्यांना एडिथ म्हणजे गावठी नाव. ते तर या नवराबायकोला पाठीमागे 'गॉड्रिक आणि गॉडगिफू' म्हणून चिडवायचे, म्हणजे अगदी खेडवळ इंग्लिश जोडपं. आता मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही, लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने सुनेचं नवीन नाव लिहिणं आपण पाहिलेलं आहे. एडिथची माटिल्डा होताना तिला काय वाटलं असेल हे आपल्याकडची एखादी आजी तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं सांगेल. मला विचाराल तर या नावावर लिहायची सगळ्यात चांगली कथा हीच आहे, लढाईबिढाई नाही.

पायरी ४ : एका कथेत किती माटिल्डा परवडतात ते मोजा

ऐतिहासिक कथा असेल तर हा त्रास होणारच. या एडिथ-माटिल्डाची मुलगी माटिल्डा, ११०२ ते ११६७, जिला सम्राज्ञी म्हणतात. तिच्या भावाची बायको, आंजूची, माटिल्डा. हेन्रीच्या अनौरस मुलींमध्येही एकापेक्षा जास्त माटिल्डा. ११३५ला हेन्री मेला आणि वारस ठरवलेली मुलगी, म्हणजे सम्राज्ञी, बाजूला राहून भाचा स्टीफन गादीवर बसला, त्याची बायको कोण? माटिल्डा, बुलोन्यची! ११४१च्या फेब्रुवारीत लिंकनच्या लढाईत स्टीफन पकडला गेला तेव्हा एका बाजूने सम्राज्ञी माटिल्डा लंडनला राज्याभिषेक करून घ्यायला निघाली आणि दुसऱ्या बाजूने राणी माटिल्डा सैन्य घेऊन नवऱ्याला सोडवायला. म्हणजे लढाई माटिल्डा विरुद्ध माटिल्डा. लिहिणाऱ्याने डोकं कुठे आपटायचं?

उपाय असे की मुख्य पात्राला एकटीला नाव द्या, बाकीच्यांना पदाने किंवा गावाने ओळखा, सम्राज्ञी, राणीसाहेब, बुलोन्यची बाई. किंवा एकीला माटिल्डा आणि दुसरीला मौड ठेवा, दोन्ही खरंच आहेत त्यामुळे कुणी चूक काढू शकत नाही. मात्र 'सोपं पडावं म्हणून' एखादीचं नाव बदलून सिंथिया करू नका. गोंधळ हाच त्या काळाचा स्वभाव आहे, थोडा राहू दे, एखादा निरोप्या चुकीच्या माटिल्डाकडे पोचला तर कथेला तेवढंच इंधन. ११४२च्या डिसेंबरात सम्राज्ञी ऑक्सफर्डच्या वेढ्यातून रात्री पांढरे कपडे घालून बर्फातून निसटली होती, तो प्रसंग लिहाल तेव्हा मात्र तिला एकच नाव असू दे, तिथे वाचकाने अडखळायला नको.

पायरी ५ : आधीच्या माटिल्डा काय करून गेल्यात ते बघा

नाव तुमच्याकडे कोरं येत नाही. होरेस वॉलपोलच्या १७६४च्या भूतमहालाच्या कादंबरीत माटिल्डा ही सोशिक मुलगी, बापाच्याच हातून चुकून मरते. १७९६ मध्ये मॅथ्यू लुईसच्या कादंबरीत माटिल्डा मठात पुरुषाच्या वेशात शिरते आणि साधूला नासवते. तीस-बत्तीस वर्षांत एकदम उलटं टोक! पण दोघींना नाव का दिलं ते उघड आहे, अठराव्या शतकातल्या वाचकाला माटिल्डा म्हटलं की जुने किल्ले आणि जुना काळ आठवायचा, अर्थाशी काही देणंघेणं नव्हतं.

फ्रेंच लोकांनी तिला गर्विष्ठ केली. स्तांदालच्या १८३०च्या कादंबरीतली मातील्द द ला मोल, बड्या घरची, आपल्या काळाला कंटाळलेली, जुन्या शूर पूर्वजांची स्वप्नं बघणारी, शेवटी प्रियकराचं तोडलेलं डोकं स्वतः घेऊन जाते. आणि १८८४ची मोपासाँची हाराची गोष्ट, जी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळा-कॉलेजात वाचलीय, त्यातली कारकुनाची बायको मातील्द ल्वाझेल. राणीचं नाव आणि कारकुनाचा संसार, माझ्या मते तिचं अख्खं दुःख या जोडीत मावतं. मोपासाँने मुद्दाम केलं की नाही देव जाणे, वाचताना तरी तसं लागतं.

पुढे १९०७ मध्ये बेलॉकने मुलांच्या गमतीच्या कवितेत खोटं बोलणारी माटिल्डा जाळून टाकली. ऑस्ट्रेलियात 'माटिल्डा' म्हणजे भटक्या मजुराच्या खांद्यावरची वळकटी, १८९५चं ते प्रसिद्ध गाणं त्यावरच, आणि तिथल्या महिला फुटबॉल टीमला आज माटिल्डाज म्हणतात ते त्यामुळेच. आणि मग १९८८, रोआल्ड डाल, पुस्तकं खाऊन टाकणारी चिमुरडी. या एका पोरीने नावाचा चेहरामोहराच बदलला. १९९४ मध्ये ल्यूक बेसाँच्या सिनेमातली मातिल्दा आली, तीही लहान मुलगीच, पण हातात बंदूक.

म्हणजे आज तुम्ही लहान, हुशार, पुस्तकवेड्या मुलीला माटिल्डा नाव दिलंत तर वाचक म्हणणार, हं, कॉपी. तेच नाव साठीच्या रिटायर्ड पोस्टमास्तरणीला दिलंत तर ताजं वाटेल. माझा साधा नियम, सगळ्यात प्रसिद्ध माटिल्डाचं वय आणि गुण यातलं निदान एक तरी उलटं करा.

पायरी ६ : आता अर्थ वापरायचा असेल तर

वापरू नका असं नाही. फक्त कुणाला तो अर्थ माहीत असू शकतो हे तपासा. विसाव्या शतकातली जर्मन शिक्षिका, भाषेचा अभ्यासक, नावांचं पुस्तक चाळणारी गरोदर बाई, यांना माहीत असेल, चालतंय. बाराव्या शतकातल्या सरदाराला नसेल. अर्थ उघड न सांगता वस्तूने सुचवता येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचा एक जाड चिलखताचा, हळू चालणारा रणगाडा होता, त्याचं नाव माटिल्डा, १९४०-४१ला उत्तर आफ्रिकेत तो गाजला. तुमच्या कथेत एखादा म्हातारा सैनिक शेजारच्या माटिल्डाबाईंकडे बघून गालात हसला आणि का ते शेवटपर्यंत बोलला नाही, तरी पुरे. चिलीचा कवी नेरूदा याने तर बायको मातिल्देवरच्या १९५९च्या प्रेमसुनीतांत पहिल्याच ओळीत नावाला झाड, दगड, दारू असं काय काय म्हटलंय, लढाईचं नावसुद्धा नाही. कवीने कोशाकडे ढुंकूनही न बघता नावाचा फक्त आवाज घेतला, आणि जमलं की!

पायरी ७ : देवनागरी आणि विभक्ती

हे आपलं घरचं काम, आणि इथेच जास्त चुका. फ्रेंच आणि जर्मन स्पेलिंगमध्ये 'टी'नंतर 'एच' दिसतो म्हणून लोक 'मॅथिल्ड', 'मथिल्डा' लिहितात. तिथे 'थ' नाहीच. इंग्लिश बाई मटिल्डा किंवा माटिल्डा, जर्मन माटिल्डं, फ्रेंच मातील्द, इटालियन मातिल्दे. 'ट' आणि 'त' एवढ्या फरकानेसुद्धा देश बदलतो, म्हणून एकदा ठरवलं की पूर्ण कथेत तेच.

विभक्तीचं असं की आपण सीतेला, राधेने असंही म्हणतो आणि सीताला, राधाने असंही. माटिल्डेला म्हटलं की एकदम जुन्या अनुवादाचा, पिवळ्या कागदाचा वास येतो, माटिल्डाला म्हटलं की आजचं वाटतं. ऐतिहासिक कथेत मी निवेदनात 'माटिल्डेने' आणि संवादात 'माटिल्डाने' करून बघितलं होतं, वाचणाऱ्यांना तो टायपो वाटला, तेव्हा तो शहाणपणा करू नका.

लाडाची नावं जपून. टिली ऐकलं की मराठी कानाला टिल्लू आठवतो, आणि टिल्लू म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला पाण्याची मोटर. मातिल्दाला 'माती' करू नका हे सांगायला नको. टिल्डा मात्र छान चालतं. आणि मौड. आजच्या इंग्लिश उच्चाराने ते 'मॉड' होतं आणि बाराव्या शतकातली राणी मराठीत एकदम 'मॉड मुलगी' होऊन जाते, कॉलेज कट्ट्यावरची. सुदैवाने मध्ययुगात त्याचा उच्चार 'मौड' सारखाच होता, त्यामुळे 'मौड' लिहिलंत तर कानही वाचतो आणि इतिहासही.

मला हे उशिरा कळलं, तोवर सगळीकडे 'मॉड' टाइप करून झालं होतं. मग फाइंड-रिप्लेस मारलं, सगळे 'मॉड' एका झटक्यात 'मौड', आणि तसंच एका ठिकाणी पाठवून दिलं. माझ्या कथेला आजच्या पुण्यातली एक चौकट होती, त्यात संशोधन करणारी एक मुलगी होती. दोन आठवड्यांनी मेल आला, कथा बरी आहे, पण ही पुण्याची मुलगी 'मौडर्न' विचारांची आहे आणि तिची मैत्रीण 'मौडेलिंग' करते, हे नक्की कुठल्या शतकातलं मराठी आहे?